पिकअपचे मागचे दिवे : दुरुस्तीच्या नोंदी

१७ जुलै २०२५, चोपडा

जिभाऊंनी दुपारी पिकअप आणून ओट्यासमोर लावली. २०१६ ची गाडी, एमएच १९. केळीची काढणी चालू असली की शेतातून घड भरून मोठ्या ट्रकपर्यंत न्यायचे आणि परतीला खताच्या गोण्या आणायच्या, हे तिचं बारमाही काम. ऑगस्टअखेर फिटनेस संपते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, त्यामुळे या खेपेला चालढकल नाही.

तक्रारी त्यांच्याच तोंडच्या. पहिली: "ब्रेक दाबा का उजवा दिवा मरी जास." दुसरी, उजवा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा लाल दिवा उगाच लुकलुकतो. तिसरी, डावा इंडिकेटर धाप लागल्यागत घाईने मारतो. चौथी, पार्किंगचा फ्यूज मनात येईल तेव्हा उडतो, तोही रात्रीच. रिव्हर्सचा दिवा कधी पेटला होता, हे त्यांना आठवत नाही.

एका गॅरेजवाल्याने गाडी दहा मिनिटं बघून "मागची सगळी वायरिंग गेली, नवी टाका" म्हणत पंधरा हजार सांगितले. जिभाऊंचाही कल तिकडेच: "बठ्ठी (सगळी) नवी टाकी दे, कटकट मिटनी."

माझा धंदा वायरमनचा. रोजचं काम मोटारपंप, स्टार्टर, डीपीपासून (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरीपर्यंतची केबल. गाड्या हा माझा प्रांत नाही, पण पाच तक्रारी आहेत म्हणून अख्खी वायरिंग गेली हा हिशोब मला पटला नाही. एका डीपीवरच्या तीन मोटारी एकदम बसल्या तर आपण तिन्ही मोटारी खोलत नाही, आधी खांबाकडे बघतो. आठवडाभर गाडी रात्री माझ्याकडे, दिवसा त्यांच्याकडे, असं ठरलं.

१९ जुलै

आज स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही. अंधार पडल्यावर पुतण्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी गाडीभोवती फिरून काय लावलं की काय पेटतं ते वहीत लिहिलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा शोध इथेच लागतो.

फक्त पार्किंग लावलं: मागचे दोन्ही लाल दिवे सारखेच. बघणाऱ्याला गाडी ठणठणीत वाटावी.

पार्किंग चालू ठेवून ब्रेक: डावा भडकला. उजवा वाढायचा सोडून उतरला, नुसती लालसर तार दिसते. आणि त्याच वेळी पुढचा उजवा इंडिकेटर मंद नारिंगी पेटून राहिला. ब्रेकचा पुढच्या इंडिकेटरशी काय संबंध? पुतण्या म्हणाला, "काका, गाडीत भूत आहे."

पार्किंग बंद, फक्त ब्रेक: उजवा जेमतेम पार्किंगएवढा. पुढचा इंडिकेटर पुन्हा मंद.

उजवा इंडिकेटर: डावीकडचा ब्रेक लाईट त्याच ठेक्यावर मंद उघडझाप करतो.

डावा इंडिकेटर: दुप्पट घाई, पण बाकी कुठे काही सांडत नाही. म्हणजे ही तक्रार वेगळ्या घरची. तिला बाजूला ठेवलं.

वही बघितल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. जे भुताटकीचं आहे ते सगळं उजव्या मागच्या दिव्यातून जातं. त्या दिव्यात पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर या तिघांचा करंट एकाच काळ्या वायरीने परत जातो. माझा संशय त्या काळ्या वायरीवर, म्हणजे अर्थवर. गाडीत अर्थ म्हणजे चासीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीच्या मायनसला जाणारी परतीची वाट.

२० जुलै

रविवार, त्यामुळे सकाळपासून हात मोकळे.

आधी बल्ब काढून पाहिले. ब्रेक-पार्किंगचा बल्ब दोन फिलामेंटचा, २१/५ वॅट. इंडिकेटरचा एका फिलामेंटचा, २१ वॅट. दोन फिलामेंटवाल्याच्या दोन खिळ्या मुद्दाम खाली-वर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. घाईत कुणी एका फिलामेंटचा बल्ब तिथे ठोकून बसवला, तर त्याचं एकच टोक दोन्ही कॉन्टॅक्टला टेकून ब्रेक आणि पार्किंग एक होतात. असले प्रकार रस्त्याकडेच्या दुरुस्तीत सर्रास होतात. इथे मात्र बल्ब बरोबर आणि शाबूत.

मग मीटर. बॅटरी १२.६ व्होल्ट. बल्ब काढलेल्या उजव्या होल्डरमध्ये ब्रेकच्या कॉन्टॅक्टवर १२.४. म्हणजे समोरून येणारी वायर चांगली.

आता खरी चाचणी. बॅटरीच्या मायनसला लांब वायर अडकवून ती मागे आणली आणि मीटरचं काळं टोक तिला जोडलं. बल्ब परत बसवले. लाल टोक होल्डरच्या पत्र्याला, म्हणजे जिथे अर्थ असायला हवा तिथे. अर्थ चांगला असेल तर दिवा पेटलेला असतानाही इथे शून्याच्या जवळ आकडा यावा. एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असेल तर ठीक. डाव्या दिव्यावर तसाच आला. उजव्यावर फक्त पार्किंग असताना सुमारे पाव व्होल्ट, आणि पुतण्याने ब्रेक दाबताच आठाच्या घरात. ज्या पत्र्यावर शून्य हवं, तिथे आठ व्होल्ट!

इथे भूत उतरलं. कागदावर आकृती काढून पुतण्यालाही समजावलं.

उजव्या दिव्याचा अर्थ तुटलाय, पण करंटला परत तर जायचंच असतं, म्हणून तो दुसऱ्याच्या घरातून वाट काढतो. फक्त पार्किंग असताना ५ वॅटच्या फिलामेंटमधला करंट अर्थऐवजी शेजारच्या ब्रेक फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो आणि डाव्या ब्रेक बल्बमधून त्या बाजूच्या अर्थला पोचतो. २१ वॅटचं फिलामेंट थंड असताना एक ओहमही भरत नाही, म्हणून पार्किंगला अडथळा जाणवत नाही आणि दिवा चांगला दिसतो. पाव व्होल्टचा आकडा तो हाच. ब्रेक दाबला की ती वाट बंद, कारण आता ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट. मग उरते इंडिकेटरची वाट: ब्रेकचा बल्ब, त्यातून मागचा इंडिकेटर, त्यातून पुढचा इंडिकेटर आणि शेवटी पुढचा अर्थ. तीन सारखे बल्ब एकामागे एक, म्हणून १२ व्होल्टच्या तीन वाटण्या होऊन प्रत्येकाला चार. पहिल्याने चार खाल्ले की होल्डरच्या पत्र्यावर राहतात आठ. आकडा बरोबर जुळला. उजवा इंडिकेटर लावल्यावर डावा ब्रेक लाईट का लुकलुकतो, तेही याच हिशोबाने सुटतं.

यानंतर मीटरचा बझर, जो वाट सलग असली की वाजतो. होल्डरचा पत्रा ते चासी, आणि तोही सगळे बल्ब काढून. हे मुद्दाम लिहून ठेवतो. बल्ब जागेवर ठेवून बझर लावला तर तो वाजतो, कारण मीटरचा करंट थंड फिलामेंटमधून त्याच चोरवाटेने चासीपर्यंत पोचतो आणि दोन-चार ओहमला बझर खुशाल ओरडतो. "अर्थ तपासला, ओके आहे" असं म्हणणारे बहुतेक इथेच फसतात. बल्ब काढल्यावर उजवीकडे बझर मुका.

मग आडवं पडून काळ्या वायरीचा माग काढला. दिव्याच्या मागून ती कपलरमध्ये (वायरी जोडायचा प्लग), कपलरमधून वीतभर पुढे, आणि दिव्याच्या ब्रॅकेटमागे चासीवर बोल्टखाली रिंग लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं. बोल्ट घट्ट, लग जागेवर, वर काळी चिकटपट्टीही नीट गुंडाळलेली. डोळ्याला काही खोट नाही. दोन बोटांनी वायर हलकीच ओढली, ती लगमधून निसटून हातात आली. टोकाला तांबं नव्हतंच. इन्सुलेशनच्या पोकळ नळीतून हिरवी-काळी पूड तळहातावर सांडली. मागे सोलत गेलो. चार बोटं सोललं तरी हिरवंच. चांगलं वीतभर कापल्यावर लाल तांबं दिसलं.

जिभाऊ चहा घेऊन आले, तुकडा बोटात फिरवत म्हणाले, "इतलासा तुकडा?"

एवढासाच.

२१ जुलै

उजवाच अर्थ का कुजला, याचं उत्तर आज हौद्यात चढल्यावर मिळालं. हौद्याचं पाणी जायचं भोक उजव्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि ते बरोबर त्या लगच्या डोक्यावर उघडतं.

केळीला पालाश भरपूर लागतं. आपल्याकडे ते जातं म्युरेट ऑफ पोटॅशच्या रूपात, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. मिठाचंच भावंड. एखादी गोणी उसवते, खडे हौद्याच्या खाचांत बसतात, हवेतला ओलावा ओढतात. मग केळीचे घड उतरवल्यावर चीक आणि पाचोळा काढायला जिभाऊ पाईप लावून हौदा धुतात, आणि ते खारं पाणी त्या भोकातून थेट अर्थवर. वर्षानुवर्षं. क्लोराईडचं पाणी आणि तांबं-लोखंड एकत्र चिकटलेलं असलं की कळंक चढायला वेगळं निमित्त लागत नाही. चिकटपट्टीने उलट नुकसान केलं: पाणी आत जाऊ दिलं, सुकू दिलं नाही.

२४ जुलै

आज दिव्यांची अवस. घरात वहिनींनी समया घासून पाटावर मांडल्या आणि मी ओट्यावर टेल लॅम्प खोलून बसलो. आईने दोन्हीकडे बघून नुसतंच तोंड फिरवलं.

काचा आतून धुतल्या, धुळीचा थर निघाल्यावर लाल रंग पुन्हा लाल दिसला. होल्डरचे कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने, कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने. कपलरच्या दोन पिनांना हिरवा कळंक होता. एक पीन इतकी बारीक झाली होती की चिमट्यात मोडली. तो कपलर बदलला.

अर्थसाठी जुन्या जागेचा नाद सोडला. चासीवर हातभर पुढे, जिथे हौद्याचं पाणी पडत नाही, तिथे नवा बोल्ट धरला. रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर, मग लग, मग नट, आणि घट्ट झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी थापून मग लग बसवणारेही बघितलेत. माझ्या मते धातूला धातू भिडला पाहिजे, ग्रीस पाणी अडवायला.

वायर १.५ स्क्वेअर एमएम, डाव्या-उजव्या दिव्याला स्वतंत्र. शिवाय चासीच्या त्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत २.५ ची एक सरळ वायर. जिभाऊंना हे जास्तीचं वाटलं. हिशोब असा आहे: १.५ च्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ११ ते १२ मिलिओहम रोध. एका दिव्यात ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग सगळं एकदम चालू असेल तर चारेक अँपिअर. म्हणजे सहा मीटर लांबीला पाव व्होल्टहून थोडं जास्त पडतं. शेतातल्या मोटारीला पाव व्होल्ट म्हणजे काहीच नाही, तिथे आम्ही वीस-वीस व्होल्टच्या घसरणीशी झगडतो. पण १२ व्होल्टच्या गाडीत प्रत्येक दशांश मोजावा लागतो, कारण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्ट कमी झाले की प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. घसरण वाढत गेली की मागून येणाऱ्याला ब्रेक लागला की नुसतं पार्किंग, हा फरकच कळत नाही.

लग क्रिम्प केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले; डाग (सोल्डर) दिला नाही. घरच्या पॅनलमध्ये डाग चालतो. गाडीत डाग दिलेल्या जागी वायर ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच हादऱ्याने तार तुटते. वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली.

हौद्याच्या भोकाला १६ एमएम ठिबकच्या नळीचा तुकडा अडकवून खाली चाकामागे सोडला. आपल्याकडे या नळीला तोटा नाही.

संध्याकाळी पुन्हा पुतण्या, पुन्हा वही. ब्रेक दाबला, दोन्ही सारखे भडक. होल्डरच्या पत्र्यावर, सगळं चालू असताना, एक दशांश व्होल्टच्या आत. पुढचा इंडिकेटर गप्प.

२७ जुलै

पार्किंगचा फ्यूज. हा अर्थच्या उलट आजार: तिथे वाट तुटली होती, इथे नको तिथे वाट आहे.

फ्यूजच्या खणात २० अँपिअरचा पिवळा फ्यूज निघाला. झाकणावर १० लिहिलंय. दहाचे उडतात म्हणून कुणीतरी वीसचा घातला, मग तोही उडायला लागला. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. नंबर प्लेटच्या दिव्याकडे जाणारी बारीक वायर हाताने दाबली तर तिचं इन्सुलेशन नरम पडून शेजारच्या वायरीला चिकटलेलं. वीसचा अजून थोडा टिकला असता तर आगीची नोंद लिहावी लागली असती.

फ्यूज उडवत-उडवत शॉर्ट शोधायचा म्हणजे खिशाला चाट. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी हेडलाईटचा जुना बल्ब लावला. त्याचं एक फिलामेंट गेलेलं, ५५ वॅटवालं शाबूत. दोन वायरी फ्यूजच्या खणात खोचल्या आणि बल्ब बोनेटवर ठेवला, मागून दिसेल असा. शॉर्ट नसेल तर पार्किंगचे सगळे बल्ब मिळून तीसेक वॅट, म्हणून हेडलाईटचा बल्ब नुसता लालसर होतो आणि पार्किंगचे दिवे जरा मंद पेटतात. शॉर्ट झाला की पूर्ण १२ व्होल्ट या बल्बवर, तो पांढरा लख्ख आणि पार्किंग विझतं. करंट पाचाच्या आत राहतो, त्यामुळे वायरीला धोका नाही आणि हवा तेवढा वेळ शोधता येतं.

पार्किंग लावलं. लालसर. चासीखालची वायरिंग पुढून मागे हातभर-हातभर हलवत गेलो. लालसरच. उजवा दिवा, डावा दिवा, कपलर, सगळं हलवून झालं. काही नाही. फाळका उघडून खाली सोडला, आणि पुतण्या पुढून ओरडला, "काका, पांढरा!" फाळका वर घेतला, लालसर. पुन्हा खाली, पांढरा.

फ्यूज रात्रीच का उडतो याचं एक कारण उघड आहे, पार्किंग लागतंच रात्री. दुसरं आता कळलं. केळी भरताना उतरताना फाळका खाली असतो, आणि काढणीची घाई असली की रात्री शेतात पार्किंग लावूनच भरणी चालते.

नंबर प्लेटच्या दिव्याची वायर मागच्या आडव्या पट्टीच्या भोकातून बाहेर येते. भोकाला रबर नाही, कधीकाळी असेल. फाळका खाली आला की त्याची बिजागरी वायर ओढते आणि वायर भोकाच्या कडेवर घासते. तिळाएवढी जागा सोललेली, तिथे तांबं चमकत होतं आणि समोर कडेलाही तेवढाच काळा ठिपका.

वायर फ्यूजपासून नाही, कपलरपासून पुढे नवी टाकली. भोकाला स्टार्टरच्या पेटीतलं रबर ग्रॉमेट चपखल बसलं. वायर फ्लेक्झिबल पाईपमधून नेली, आणि बिजागरीजवळ खाली लोंबेल असा सैल झोळ ठेवला. नव्या वायरीवर ताण पडला तर तीही महिन्यात सोलेल. फ्यूज १० चा. जिभाऊंच्या डॅशबोर्डच्या खणातले बाकीचे वीसचे फ्यूज मी माझ्याकडे घेतले.

३ ऑगस्ट

कानबाईचा सण. घरात रोटांची धामधूम, पाहुण्यांनी ओटा भरलेला, गाडी गल्लीच्या टोकाला. उद्या विसर्जन. परवापर्यंत काम नाही.

६ ऑगस्ट

उरलेल्या दोन तक्रारी, दोन्ही किरकोळ.

डावा इंडिकेटर: मागच्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब निघाला. पोऱ्याने हौसेने लावला होता, दिसतो छान. पण फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले, करंट पाहून चालतो. २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅट दिसले की त्याला वाटतं बल्ब उडाला, आणि ते चालकाला कळावं म्हणून तो घाई करतो. म्हणजे फ्लॅशर आपलं काम चोख करत होता. २१ वॅटचा साधा बल्ब लावला, ठेका जागेवर. एलईडीच हवा तर फ्लॅशरही एलईडीचा घ्यावा लागेल. पासिंगच्या तोंडावर नको.

रिव्हर्स: गिअरबॉक्सवरच्या स्विचचा कपलर काढला, दोन वायरी तारेने जोडल्या, दिवा पेटला. म्हणजे स्विच गेलेला. नवा बसवला, थोडं ऑईल गळलं, पुसलं.

१० ऑगस्ट

सकाळी जिभाऊंचा फोन: गाडी सेल्फ घेत नाही. धक्का मारून आणली. बॅटरी ११.९. आणि मागे जाऊन बघतो तर दोन्ही ब्रेक लाईट भडक पेटलेले, गाडीत कुणी नसताना.

"तूच काही करी ठेयं," असं जिभाऊंनी स्पष्ट म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

ब्रेक पॅडलखाली बोटं फिरवली तर मॅटवर काळ्या रबराचा चुरा. पॅडल वर आलं की ते ब्रेक स्विचची दांडी आत दाबून ठेवतं, म्हणजे दिवा बंद. पॅडलला जिथे दांडी टेकते तिथे भोक असतं आणि त्यात छोटं रबरी बूच. ते वयोमानाने फुटून पडलं, दांडी भोकातून आरपार गेली, आणि स्विचला कायम वाटत राहिलं की ब्रेक दाबलाय. या गाडीत ब्रेकचा दिवा चावीवर नाही, थेट बॅटरीवर. दोन बल्ब, साडेतीन अँपिअर. रात्री नऊ ते सकाळी सहा धरले तरी तीस अँपिअर-तासांवर गेले. ७५ च्या जुन्या बॅटरीला ते पुरेसं झालं.

एक गोष्ट मात्र यातून कळते. आधी उजवा ब्रेक लाईट मेलेला होता म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लक्षात आलं नसतं. काल रात्री दोन्ही इतके लख्ख होते की समोरच्या आबांनी झोपायच्या आधी जिभाऊंना हाक मारली होती म्हणे. जिभाऊंना ऐकू गेलं नाही.

बूच नवं बसवलं. दुकानदाराने वेगवेगळ्या मापांची मूठभर समोर टाकली, जुन्याचा चुरा नेला होता म्हणून माप जुळलं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला.

१४ ऑगस्ट

दोन दिवस झड लागली होती, त्यामुळे खरी परीक्षा आपोआप झाली. गाडी यावलकडून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने भरून आली, चिखलाने टेल लॅम्प दिसेनासे झालेले. न धुता, आहे तसंच मीटर लावलं. उजव्या होल्डरचा पत्रा, सगळं चालू: एक दशांशाच्या आसपासच. ठिबकच्या नळीतून पाणी चाकामागे पडतंय. फाळका वीसेक वेळा आपटून पाहिला, दहाचा फ्यूज शाबूत.

त्या रस्त्यावर रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या कमी नाहीत. जिभाऊ आता दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलायला लागलेत: "त्याना दिवा बी मरेल शे, त्याले सांगस." दोन गिऱ्हाइकं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकली, मला न विचारता.

२० ऑगस्ट, जळगाव

पासिंग झालं, पोळ्याच्या आत. दिव्यांवर कुणी बोट ठेवलं नाही. रिफ्लेक्टर पट्टीवरून मात्र थांबवलं: मागे लाल हवी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, आमची उजव्या बाजूची पिवळी पट्टी घासून पांढरट पडली होती. तिथल्याच टपरीवर नवी घेतली, पत्रा पुसून चिकटवली, अर्ध्या तासात काम झालं.

नंबर प्लेटचा दिवा तपासणाऱ्याने मागे सरकून वाकून पाहिला. नियम असा की पंधरा मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. वाचता येतो. त्याची काच मात्र एका कोपऱ्यात फुटलेली आहे आणि तिथून पाणी आत जाणार. तशी काच जळगावला दोन दुकानांत मिळाली नाही; तिसऱ्याने शनिवारी मागवून ठेवतो म्हणून सांगितलंय. तोवर त्या कोपऱ्याला सिलिकॉन लावून ठेवलं.